लढाईच्या दिवसांतलं बोर्डिंग : बडोदा संस्थानातल्या खेड्यातल्या वसतिगृहांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतल्या पुष्कळ मराठी घरांत कुणीतरी आजोबा, मामा किंवा आत्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तालुक्याच्या गावी बोर्डिंगमध्ये राहून शिकलेले असतात. नातवंडं आता त्याबद्दल विचारतात. मलाही हे प्रश्न सारखे येतात, कारण माझ्या वडिलांनी १९४१ ते १९४५ या काळात नवसारी प्रांतातल्या एका लहान बोर्डिंगमधून घरी पाठवलेली कार्डं माझ्यापाशी आहेत. ती कार्डं, मावशीच्या तोंडून ऐकलेलं, इतर घरांतल्या वडीलधाऱ्यांशी झालेली बोलणी आणि त्या काळचा इतिहास यांच्या आधाराने खालची उत्तरं दिली आहेत. वडिलांच्या गावाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. तिथल्या काही गोष्टी कडू आहेत, आणि तशा त्या काळी बहुतेक ठिकाणी होत्या.

बोर्डिंग म्हणजे नेमकं काय? ग्वाल्हेरच्या सिंदिया स्कूलसारखी शाळा का?

नाही. सिंदिया स्कूल किंवा इंदूरचं डेली कॉलेज या सरदार-जहागीरदारांच्या मुलांसाठी निघालेल्या संस्था. त्यांची इमारत, मैदानं, शिक्षक सगळंच वेगळं. आपण बोलतोय ते कौलारू घराबद्दल. तालुक्याच्या गावात एक अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळा असायची आणि तिच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर वीस-तीस मुलांची सोय असलेलं घर. एक गृहपती, बहुधा शाळेतलेच मास्तर. एक रसोई करणारे महाराज. मागे विहीर, पुढे अंगण, आणि भिंतीला लागून ओळीने पत्र्याच्या ट्रंका व वळकट्या.

ही गरज सयाजीराव महाराजांच्याच धोरणातून निर्माण झाली. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला. गावोगाव प्राथमिक शाळा झाल्या. पण चौथी-पाचवीच्या पुढे इंग्रजी शिकायचं तर गाव सोडावंच लागे. कुठे जातीच्या मंडळांनी आपापल्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली, कुठे संस्थानाने. सोनगडला आदिवासी मुलांसाठी संस्थानाचं वसतिगृह १८८०च्या दशकापासून होतं. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांच्या शाळा आणि वसतिगृहांची देखरेख १९०८ पासून पंडित आत्मारामजी अमृतसरी यांच्याकडे होती.

आमच्यासारख्या मराठी घरांतली मुलं तिथे पोचली ती बापाच्या बदल्यांमुळे. वहिवाटदाराच्या, म्हणजे तालुक्याच्या मुख्य अधिकाऱ्याच्या, कचेरीतला कारकून, जंगल खात्यातला माणूस, फौजदाराच्या हाताखालचा जमादार यांची दर दोन-तीन वर्षांनी बदली होई. मुलाचं वर्ष बुडू नये म्हणून त्याला एका जागी बोर्डिंगात ठेवायचे.

बडोद्यावर तर एकही बॉम्ब पडला नाही. मग "युद्धकाळातलं विद्यार्थीजीवन" म्हणायचं कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि "आपल्याला लढाईची झळ लागलीच नाही" हे वाक्यही मी कितीतरी शिकलेल्या माणसांकडून ऐकलं आहे. मला ते मान्य नाही. झळ लागली. ती वस्तूंच्या वाटेने आली.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं आणि मलायाचं रबर बंद झालं. मास्तरांच्या सायकलचा टायर फाटला तो फाटलाच, ते पुढे पायी यायला लागले. मार्चमध्ये रंगून पडलं, एप्रिलमध्ये माघार घेताना इंग्रजांनीच येनानजाऊंच्या तेलविहिरी उद्ध्वस्त केल्या, आणि खेड्यातलं रॉकेल आटलं. ब्रह्मदेशातून दरवर्षी दहा लाख टनांहून जास्त तांदूळ हिंदुस्थानात येत असे, तोही थांबला. त्याच मार्चमध्ये जावा बेट जपान्यांच्या हाती गेलं. जगातल्या हिवतापावरच्या क्विनीनचा बहुतेक सगळा पुरवठा तिथल्या सिंकोनाच्या बागांमधून होई.

वडिलांच्या भूगोलाच्या मास्तरांनी भिंतीवरच्या नकाशात या जागा मुलांकडून शोधून घेतल्या होत्या. बाजारातून एखादी वस्तू नाहीशी झाली की ती कुठून यायची ते मुलांनी नकाशात दाखवायचं. बारा वर्षांच्या पोराला जावा कुठे आहे हे कायमचं पाठ झालं, कारण त्याच्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा तापाने फणफणत होता. युद्ध कळायला याहून वेगळं काय लागतं?

रात्रीचा अभ्यास कसा करायचे?

लढाईआधी दर चार-पाच मुलांत एक कंदील असे. काचा पुसणं, वात कातरणं आणि रॉकेल भरणं हे पाळीपाळीने करायचं काम. १९४२च्या पावसाळ्यानंतर कंदील कमी होत गेले आणि शेवटी एकाच कंदिलाभोवती सगळं बोर्डिंग बसायला लागलं. मोठी मुलं आत, लहान बाहेर. लहानांना पुस्तक दिसत नसे म्हणून त्यांनी पाठांतर करायचं: पाढे, कविता, संस्कृत शब्दरूपं. माझ्या वडिलांना अखेरपर्यंत शब्दरूपं न अडखळता येत, त्याचं कारण हे.

कंदिलाची काच फुटली की नवी मिळणं मुश्कील होतं. मग पणत्या आल्या. त्यात एरंडेल, करंजाचं तेल, आणि सोनगड-व्यारा भागात डोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल. ते कसं काढायचं हे आदिवासी मुलांना घरचं माहीत होतं. ज्या मुलांना बाकीचे एरवी जवळ घेत नसत, त्यांच्या घरच्या तेलावर सगळ्यांचा अभ्यास झाला. हे वडिलांनी कार्डात लिहिलेलं नाही, म्हातारपणी सांगितलं, आणि सांगताना ते बराच वेळ त्याच गोष्टीवर थांबले होते.

खायला काय मिळायचं?

सकाळी रोटला आणि छास, दुपारी डाळ-भात-शाक, रात्री खिचडी-कढी, असा गुजराती बोर्डिंगांचा साधारण शिरस्ता. सणाला लापशी. घरून आणलेलं तूप, लोणचं, शेव-गाठी ज्याच्या त्याच्या ट्रंकेत, कुलपात.

१९४२-४३ मध्ये आधी भात गेला. पुरता नाही, पण दोन वेळांचा एक वेळ झाला आणि मग वाटीभर. त्या जागी ज्वारीचा आणि नागलीचा, म्हणजे नाचणीचा, रोटला आला. मराठी ब्राह्मण-कायस्थ घरांतल्या पोरांना वरण-भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नसे. नागली घशाखाली उतरत नाही म्हणून रडलेली मुलं होती. आदिवासी मुलांना नागली आणि अडदाची डाळ हे रोजचंच जेवण. नागलीचा गरम रोटला कशाबरोबर चांगला लागतो हे त्यांनीच इतरांना दाखवलं, लसणाची चटणी वाटून.

गणदेवीकडचा गूळ प्रसिद्ध, त्यामुळे साखर गेली तरी गोड अगदीच गेलं नाही. गावात धान्य होतं, शेतं होती, म्हणून शहरातल्यासारख्या रांगा तिथे कमी. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं तेव्हा तिकडच्या नातेवाइकांची पत्रं वाचून आजीला वाटलं, पोरगं खेड्यात आहे तेच बरं. ते खरंही होतं. पण भाव चढत गेले तशी बोर्डिंगची भोजनाची रक्कमही चढली, आणि कारकुनाचा पगार होता तिथेच राहिला. घरी आलेल्या कार्डांत पैशांचा विषय १९४३ नंतर जवळजवळ प्रत्येक वेळी आहे.

त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळाच्या बातम्या आल्या. मुलांनी आठवड्यातून एका रात्रीचं जेवण सोडून तेवढे पैसे पाठवले. अर्धपोटी पोरांनी आणखी उपाशी राहून केलेली ही मदत मला फार मोठी वाटते.

सरकारची "अधिक धान्य पिकवा" मोहीमही तेव्हाचीच. शाळेच्या आवारात फुलझाडं काढून दुधी, वाल, वांगी लावली. पाणी घालायला अर्थातच मुलं.

वह्या-पुस्तकांचं काय?

इथे हाल झाले, आणि याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे.

आयात थांबली होती आणि देशातल्या गिरण्यांचा बहुतांश कागद १९४२ अखेरपासून सरकारने स्वतःच्या कामाला राखून ठेवला. वर्तमानपत्रं चार पानांची, दोन पानांची झाली. शाळेत याचा अर्थ असा की वर्षाला मिळणाऱ्या वह्या एकदम कमी. मोठी मुलंसुद्धा पुन्हा पाटीवर आली. गणित पाटीवर सोडवायचं, मास्तरांनी तपासलं की पुसायचं, फक्त उत्तर वहीत. परीक्षेचे प्रश्न छापून न देता फळ्यावर लिहायचे किंवा तोंडी सांगायचे. ज्यांचे वडील कचेरीत होते ती मुलं भाग्यवान, त्यांना पाठकोरे कागद मिळत. माझ्यापाशी वडिलांची एक भूमितीची वही आहे. तिच्या मागच्या बाजूला जंगल खात्याच्या सागाच्या नोंदी आहेत. प्रमेय आणि साग, दोन्ही त्याच कागदावर.

कार्डंही आधी आडवी लिहायची आणि जागा संपली की उभी फिरवून त्याच ओळींवरून लिहायची. वाचायला त्रास होतो, पण सवयीने जमतं.

शाईच्या पुड्या मिळेनात तेव्हा हिरडा आणि हिराकस उकळून शाई केली. टाकाचे निब परदेशी असत, ते झिजले की दगडावर घासून पुन्हा वापरायचे. बोरू परत आले. एका वडीलधाऱ्या बाईंनी मला सांगितलं की लढाईच्या वर्षांत शाळेतल्या सगळ्यांचं अक्षर सुधारलं, कारण बोरूने घाईत लिहिताच येत नाही.

पाठ्यपुस्तक वरच्या वर्गातल्या मुलाकडून खाली येई. अवांतर वाचनाला मात्र बडोदा संस्थानात खरी चैन होती. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना आणून ग्रंथालयांची जी व्यवस्था बसवली, तिच्यात फिरती ग्रंथालयं होती: लाकडी पेटीत पुस्तकं भरून गावाला पाठवायची, वाचून झाली की पेटी पुढे. लढाईच्या काळातही बोर्डिंगच्या मुलांना पेट्या मिळत होत्या. नव्या पुस्तकांची भर मंदावली, पण कागदाच्या दुष्काळात पेटीभर पुस्तकं पोरांच्या हाती पडणं ही हिंदुस्थानातल्या फार थोड्या खेड्यांच्या नशिबात असलेली गोष्ट होती.

आजारी पडलं तर?

तापाची भीती खरी होती. नवसारी प्रांताचा जंगलपट्टा हिवतापाचा. दिवाळीच्या सुमारास एकाच वेळी पाच-सहा मुलं थंडी वाजून थरथरत असत. क्विनीन मिळत होतं तोवर गृहपती पुडी गुळात घालून देत. ते तुटल्यावर चिरायत्याचा काढा, गुळवेल, सातवीणीची साल. याने ताप उतरला असं काही जण सांगतात. हिवताप मुळात चढतो-उतरतो, त्यामुळे श्रेय कशाला द्यायचं हे कठीण. पुढे मेपाक्रीनच्या पिवळ्या गोळ्या आल्या, पण त्या आधी फौजेला. त्यांनी कातडी पिवळी पडायची.

वडिलांच्या बोर्डिंगातला एक मुलगा १९४३च्या हिवाळ्यात गेला. गृहपतींनी त्याच्या वडिलांना फार उशिरा कळवलं. या गोष्टीचा राग माझ्या वडिलांच्या मनातून कधीच गेला नाही. कार्डात तिचा उल्लेख एका ओळीचा आहे आणि पुढची ओळ खोडलेली आहे. मुलाने खोडली की गृहपतींनी, कोण जाणे. मुलांची पत्रं गृहपती वाचूनच टपालात टाकत.

काही पत्रांत "नवा टाइम" आणि "जुना टाइम" लिहिलेलं असतं. ते काय?

१ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशभर घड्याळं एक तास पुढे केलेली होती. जानेवारीत दक्षिण गुजरातेत नव्या घड्याळाने सव्वाआठच्या सुमारास सूर्य उगवे. त्यामुळे पहाटे साडेपाचची प्रार्थना म्हणजे खरं तर साडेचारची, काळोखात आणि थंडीत. आंघोळ नदीवर. वडिलांच्या बोर्डिंगातल्या महाराजांनी नवा टाइम मानायला साफ नकार दिला. त्यांची चूल जुन्या वेळेनेच पेटे, आणि शेवटी गृहपतींना प्रार्थना पुढे ढकलावी लागली.

नाणी भोकाची कशी झाली?

तांबं आणि निकेल लढाईला लागत होतं. १९४२ मध्ये सुट्ट्या पैशांची मोठी टंचाई झाली, दुकानदार मोडीऐवजी टपालाची तिकिटं किंवा चिठ्ठ्या देत. १९४३ मध्ये मधोमध भोक असलेला पैसा निघाला. मुलं तो दोऱ्यात ओवून गळ्यात किंवा करगोट्याला बांधत, त्यामुळे हरवत नसे.

मराठी मुलांना गुजराती शाळेत जड जात नव्हतं का?

लिपीचे पहिले दोन महिने जड. नंतर मुलं दोन्हीकडची झाली. घरी मराठी, मैदानात गुजराती, तिसऱ्या वर्षापासून इंग्रजी. वडिलांच्या कार्डांत "शाक", "रसोडं", "छास", "ओटला" असे शब्द मराठी वाक्यात सहज येतात. बडोद्याची मराठी जशी घडली तशीच ती या खेड्यांतही घडली. मराठी वाचायला घरून केसरीचे जुने अंक येत, त्यातच खाऊ गुंडाळलेला असे. खाऊ संपल्यावर कागद सरळ करून वाचायचा.

मुलांना चिडवायचे जरूर. गायकवाडी अमलात मराठी माणूस म्हणजे कचेरीचा माणूस, आणि कचेरीबद्दल गावात प्रेम असतंच असं नाही. वहिवाटदार कचेरीतल्या कुणाच्या मुलाला त्याच्या बापाच्या वसुलीबद्दल पोरं बोलून दाखवत. हे त्या मुलांना फार लागे.

१९४२च्या चळवळीत बोर्डिंगची मुलं होती का?

होती, आपल्या कुवतीप्रमाणे. ९ ऑगस्टला गांधीजींना अटक झाल्याची बातमी दुसऱ्या दिवशी गावात आली. प्रभातफेऱ्या निघाल्या. नवसारी प्रांतात गायकवाडी गावं आणि इंग्रजांच्या सुरत जिल्ह्यातली गावं एकमेकांत मिसळलेली. शेताचा बांध ओलांडला की अंमल बदलायचा. १९३० साली बारडोलीकडच्या शेतकऱ्यांनी हिजरत करून, म्हणजे घरदार सोडून, गायकवाडी गावांतच आसरा घेतला होता, ते सगळ्यांच्या आठवणीत ताजं होतं. सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं या हद्दीवरून ये-जा करत आणि दप्तर घेतलेल्या मुलाला कुणी अडवत नसे. वडिलांनी अशी पत्रकं नेली होती का, हे त्यांना मी विचारलं तेव्हा ते नुसते हसले.

१८ ऑगस्ट १९४२ ला आणंदजवळ अडास स्टेशनावर बडोद्याच्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच तरुण मेले. त्याच दिवशी बडोद्यात कोठीजवळही गोळीबार झाला. ही बातमी आल्यावर बोर्डिंगचं दार दिवसाही बंद राहू लागलं. अनेक पालकांनी मुलं घरी नेली. सरकारी नोकरांच्या मुलांची कोंडी सगळ्यात वाईट: मुलगा मिरवणुकीत दिसला तर बापाची नोकरी जाणार. आजोबांचं त्या आठवड्यातलं एक कार्ड आहे. त्यात चळवळीचा शब्दही नाही. अभ्यासात लक्ष दे आणि संध्याकाळी बाहेर पडू नकोस, एवढंच तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलं आहे. आज अडासला स्मारक आहे. बडोद्याहून फार लांब नाही, जाऊन यावं.

पण संस्थान तर इंग्रजांच्या बाजूने होतं ना?

होतं. सयाजीराव महाराज ६ फेब्रुवारी १९३९ ला गेले, लढाई सुरू झाली तेव्हा प्रतापसिंहराव गादीवर होते. त्यांनी विमानांसाठी मोठी देणगी दिली, आणि इंग्लंडच्या हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या तुकडीला "बडोदा" हे नाव मिळालं. तिच्यापाशी स्पिटफायर विमानं होती. शाळेत युद्धनिधीची पेटी फिरे.

मुलांच्या मनात याचा गोंधळ नव्हता, असं मला वडीलधाऱ्यांशी बोलून वाटतं. सकाळी गांधीजींचं नाव घ्यायचं, दुपारी बडोद्याच्या विमानांचं चित्र काढायचं, रात्री गावातल्या एकमेव रेडिओवर सुभाषबाबू बोलणार आहेत म्हणून पेढीच्या ओट्यावर गर्दी करायची. मराठा पलटणीतले यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तेव्हा मराठी मुलांना त्याचाही अभिमान वाटला. मोठ्यांना यात विसंगती दिसते. पोरांना ते सगळे आपलेच वाटत होते.

सगळी मुलं एकत्र जेवत होती का?

नाही. पंगती वेगळ्या, पाण्याचे माठ वेगळे. सयाजीरावांचं नाव पुरोगामी म्हणून घेतलं जातं आणि ते रास्तच आहे, पण त्याच बडोद्यात १९१७ साली डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नव्हती. हुकूम कचेरीपर्यंत पोचे, रसोड्यापर्यंत पोचत नसे. लढाईत अन्न कमी पडल्यावर तरी हे मोडलं असेल अशी आशा मी धरून होतो. वडिलांनी सांगितलं, मोडलं नाही. शेवटच्या पंगतीला बसणाऱ्यांना कमी मिळे, आणि शेवटची पंगत कुणाची हे ठरलेलं होतं.

लढाईने शिक्षणाचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते याच मुलांचं. लाकूड आणि कोळशाची मागणी वाढली, जंगलतोडीच्या कामावर माणसं हवी होती, आणि घरातला दहा-बारा वर्षांचा मुलगाही मजुरी आणू शकत होता. डोळीचं तेल आणणारी ती मुलं सुट्टीला घरी गेली, आणि त्यातली काही परत आलीच नाहीत. मराठी कारकुनांच्या मुलांनी पुढे मॅट्रिक केलं, नोकऱ्या धरल्या. आठवणी लिहिणारेही तेच. म्हणून बोर्डिंगच्या आठवणी वाचताना लिहिणारा कुठल्या पंगतीत बसत होता, हे आधी बघावं.

मुलींची बोर्डिंगं होती का?

खेड्यात नगण्य. बडोदा शहरात कारेलीबागेत आर्यसमाजाचं आर्य कन्या महाविद्यालय होतं, तिथे लांबलांबच्या मुली राहत. लाठी, लेझीम, कवायत शिकत. माझी मावशी तिथली. लढाईत तिथे वेळापत्रक बदललं नाही याचा तिला फार अभिमान होता.

खेळ?

हुतुतू, खो-खो, आट्यापाट्या, विटीदांडू. यांना काही विकत आणावं लागत नाही. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरातून प्रा. माणिकरावांनी व्यायामाचा जो प्रसार केला त्याचं लोण खेड्यापर्यंत होतं, त्यामुळे मलखांब आणि लेझीम जवळजवळ सगळीकडे. क्रिकेट चिंध्यांच्या चेंडूने. १९४२-४३च्या मोसमात बडोद्याने रणजी करंडक जिंकला. सांगलीचे विजय हजारे बडोद्याकडून खेळत. ती बातमी बोर्डिंगात आली त्या दिवसाचं कार्ड इतकं भरलेलं आहे की पत्ता लिहायला जागा उरली नव्हती.

सुट्टीत घरी कसे जायचे?

जमेल तसे. गाड्या कमी झाल्या होत्या, ज्या होत्या त्यांत फौजी. "गरज असेल तरच प्रवास करा" अशा पाट्या स्टेशनांवर होत्या. ताप्ती व्हॅलीच्या गाडीने सुरत, तिथून मोठ्या गाडीने बडोदा. ज्यांचं घर डभोईकडे त्यांना पुढे गायकवाडांची छोटी गाडी. पेट्रोल नसल्याने मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे मोठा डबा बसवलेला, चढ आला की उतारू उतरून ढकलत. दिवाळीची सुट्टी पुष्कळांनी बोर्डिंगमध्येच काढली.

इंग्लंडमध्ये तेव्हा मुलांना शहरांतून खेड्यांत हलवलं होतं. आपल्याकडे तसं झालं का?

तिथे सप्टेंबर १९३९च्या पहिल्या काही दिवसांत सुमारे १५ लाख लोकांना, त्यातली बहुतेक मुलं, सरकारने शहरांबाहेर नेलं. आपल्याकडे सरकारने तसं काही केलं नाही, पण १९४२च्या सुरुवातीला मुंबईतून घाबरलेली कुटुंबं आपण होऊन गावी आली. रंगूनला व्यापार करणारी सुरत-रांदेरकडची घरंही सगळं सोडून परतली. गावच्या शाळेत अचानक ट्राम पाहिलेली, बर्मी बोलणारी मुलं दाखल झाली. बाकीची मुलं त्यांना बॉम्ब कसा पडतो ते परत परत विचारत.

परदेशी मुलंही इकडे आली होती. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी १९४२ पासून शेकडो पोलिश अनाथ मुलांना ठेवून घेतलं, आणि कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. त्यांची कथा निराळी आणि मोठी आहे.

लढाई संपल्यावर काय बदललं?

पटकन काहीच नाही. युरोपातली लढाई मे १९४५ मध्ये संपली तेव्हा मुलं सुट्टीत घरी होती. जपानने ऑगस्टमध्ये शरणागती पत्करली तेव्हा शाळेत पेढे वाटले आणि एक दिवस सुट्टी दिली. कापड, रॉकेल, कागद यांची टंचाई पुढेही काही वर्षं चाललीच. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि बोर्डिंगांचा कारभार नव्या हातांत गेला.

आमच्या घरी अशी पत्रं-वह्या आहेत. काय करावं?

प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका, बडोद्याच्या पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते. लॅमिनेशन करू नका, फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. सुती कापडात किंवा साध्या कागदी पाकिटात सपाट ठेवा. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पत्त्याच्या बाजूला टपालाचा शिक्का असतो आणि पुष्कळदा तारीख फक्त तिथेच कळते. पाठकोऱ्या वह्यांची उलटी बाजूही घ्या, आमच्या सागाच्या नोंदींसारखं तिथे काहीतरी निघतं. मोडी लिपीतलं असेल तर मराठी वाङ्मय परिषदेच्या वर्तुळात चौकशी करा, वाचणारी माणसं बडोद्यात अजून आहेत. शाळेची कागदपत्रं शोधायची असतील तर गुजरात राज्य अभिलेखागाराच्या वडोदरा शाखेत संस्थानी दफ्तर आहे. जाताना गावाचं नाव, तालुका आणि प्रांत लिहून न्या, कारण तिथे शोध प्रांतावरून सुरू होतो.

आणि घरात नव्वदीच्या पुढचं कुणी असेल, तर आधी त्यांच्यापाशी बसा. "लढाईच्या वेळी कसं होतं" असं विचारलं की ते म्हणतात, काही नव्हतं, आम्ही लहान होतो. त्याऐवजी रात्री दिवा कशाचा लावायचात, आणि पंगतीत शेजारी कोण बसायचं, असं विचारा.